पनीरमध्ये थोडे तिळाचे तेल घाला

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

महोदय,



सणासुदीचे दिवस जवळ आले की आपल्या खात्याच्या धाडींचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागतात. निळ्या पिंपांतला पांढरा ऐवज, मास्क लावून उभे असलेले अधिकारी, खड्ड्यात ओतले जाणारे पनीर आणि खाली 'इतक्या लाखांचा बनावट साठा नष्ट' अशी ओळ. दिवाळी सरते, फोटोही सरतात. त्या पनीरमध्ये नेमके काय सापडले, प्रयोगशाळेचा अहवाल काय आला, कोणत्या कलमाखाली काय कारवाई झाली, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हा विषय विधानसभेतही गाजला. त्यानंतर पालघर जिल्ह्यातल्या बोईसरमधल्या माझ्या ताटात काही फरक पडल्याचे दिसत नाही, म्हणून हे पत्र.

मी तारापूर एमआयडीसीतल्या बल्क ड्रग कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला नोकरी करून निवृत्त झालेला केमिस्ट आहे. आपल्या खात्याच्या नावातले 'औषध' मी नोकरीभर टेबलाच्या अलीकडून पाहिले. ड्रग इन्स्पेक्टर येणार म्हटले की लॉगबुके तपासायची, रिटेन सॅम्पलांची कपाटे लावायची आणि ज्युनिअरना 'खाडाखोड केली असेल तर तारीख घालून सही करा' असे बजावायचे, ही आमची जन्माची सवय. आता निवृत्तीनंतर त्याच नावातले 'अन्न' मी गिऱ्हाईक म्हणून पाहतो आहे. एकाच पाटीखालच्या या दोन दालनांत इतके अंतर का, हा माझा मूळ प्रश्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर हे पत्र 'शुद्ध तेच खा' छापाच्या फॉरवर्डांत जमा व्हायचे. निसर्गाची नक्कल करण्याला माझा विरोध नाही. माझे पोट त्याच्यावरच भरले. आमच्या औद्योगिक वसाहतीत मेट्रोनिडाझोल वर्षानुवर्षे बनते. जुलाब झाले की डॉक्टर देतात ती, तोंड कडू करणारी गोळी. तिचा मूळ नमुना अझोमायसिन नावाचे, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी तयार केलेले द्रव्य होते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यासारखे रेणू एकामागून एक करून पाहिले आणि त्यातला एक कामाचा निघाला. पालघरच्या आदिवासी पाड्यांतला क्षयरोगी सरकारी दवाखान्यातून फुकट घेतो ते रिफाम्पिसिन तर त्याहून सरळ उदाहरण. १९५७ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मातीतून मिळालेले रिफामायसिन पोटातून नीट लागू पडेना. रेणूत फेरफार करून ते गिळता येण्याजोगे केले ते पुढच्या दशकात.

हॉर्मोनचेही तेच. शरीरातल्या इन्सुलिनच्या साखळीत शेवटाकडे प्रोलीन आणि लायसीन हे दोन घटक शेजारी बसलेले असतात. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये फक्त या दोघांच्या जागांची अदलाबदल केलेली आहे. तेवढ्याने इन्सुलिनचे रेणू एकमेकांना घट्ट चिकटेनासे झाले आणि जेवायला बसताना इंजेक्शन घेतले तरी चालू लागले. आपल्या औरंगाबादेत बनलेले मानवी इन्सुलिन २००३ मध्ये आणि त्यानंतर काही वर्षांनी ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचे अ‍ॅनालॉग, म्हणजे मूळ रेणूची सुधारून केलेली नक्कल, बाजारात आले, तेव्हा आम्ही केमिस्ट मंडळींनी अभिमानाने कात्रणे ठेवली होती. नक्कल मूळ वस्तूपेक्षा सोयीची असू शकते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

पण या प्रत्येक नकलेच्या मागे कागद असतो. रेफरन्स स्टँडर्डशी तुलना केल्याशिवाय बॅच रिलीज होत नाही. एचपीएलसी या पृथक्करण यंत्राच्या आलेखात ०.१ टक्क्याच्या आसपासचे अनोळखी शिखर दिसले तरी ते कोणाचे, कुठून आले, हे शोधावे लागते. जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते की नाही यासाठी ८० ते १२५ टक्क्यांची चौकट असते. आणि एवढे सगळे करून गोळी रुग्णाच्या हातात पडते तेव्हा स्ट्रिपवर तिचे खरे नाव, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता असतो. लिस्प्रोवर 'लिस्प्रो' लिहिलेले असते. 'इन्सुलिनच आहे हो, घ्या' असे म्हणून ते कोणी टोचत नाही.

आता पनीरकडे येतो. बोईसरच्या एका घाऊक दुकानात, पामतेलाच्या डब्यांशेजारच्या फ्रीजरमध्ये मी एक लादी हातात घेऊन पाहिली. जाड प्लॅस्टिकची पिशवी, आत पांढरीशुभ्र, कडा तासल्यासारखी लादी. वर ठळक अक्षरांत भरभक्कम देशी नाव, गाईचे चित्र नाही, हे कबूल करायला हवे. खाली बारीक अक्षरांत 'अ‍ॅनालॉग' आणि घटक: खाद्य वनस्पती तेल (पाम), स्किम्ड दूध पावडर, स्टार्च, इमल्सिफायर, आम्लता नियंत्रक. लायसन्स नंबर होता. बनवणाऱ्याने कायद्याने सांगितले तेवढे केले होते, आणि दुकानदारानेही लपवाछपवी न करता 'काका, घरी न्यायचंय तर हे नका नेऊ, हे हॉटेलवाल्यांचं' असे सांगितले.

पिशवी हॉटेलच्या भटारखान्यात फाडली जाते आणि लेबल कचऱ्यात जाते. तिथून पुढे मेन्यूकार्डावर 'पनीर टिक्का', 'पनीर भुर्जी', 'शाही पनीर'. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मी मालकाला सरळच विचारले, की हे दुधाचे आहे का. तो चिडला नाही. म्हणाला, 'काका, या रेटमध्ये दुधाचं कसं बसेल?' त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध तापवावे-फाडावे तेव्हा किलोभर पनीर हाती लागते. दूध ७० रुपये लिटर धरले तरी नुसत्या दुधाचे ३५० झाले; गॅस, मजुरी, नासधूस वेगळी. एमआयडीसीतल्या शिफ्ट सुटल्यावर येणारा कंत्राटी कामगार पनीरच्या भाजीसाठी एवढे पैसे मोजणार नाही. मग त्याला परवडेल असे काही त्याच्यापुढे ठेवले, यात मला पाप दिसत नाही. मात्र ते काय आहे हे त्याला कळलेच पाहिजे. तो पैसे पनीरचे मोजतो आहे, थोडे कमी असले म्हणून काय झाले.

महोदय, आपल्या धाडींची गफलत मला इथे दिसते. स्वच्छ कारखान्यात, परवाना घेऊन, लेबल लावून बनलेले अ‍ॅनालॉग आणि कुठल्या तरी गोदामात डिटर्जंट, युरिया, निकृष्ट तेल घालून बनवलेले विषारी मिश्रण, ही दोन्ही एकाच फोटोत, एकाच मथळ्याखाली येतात. त्यामुळे चोर सोडून संन्याशाला फाशी होते. आणि खरी लबाडी जिथे घडते, म्हणजे लेबल फाडल्यानंतर आणि ताट वाढण्याआधी, तिथे कोणी उभाच नसतो. मेन्यूकार्डावर उष्मांक छापण्याची सक्ती आहे तीही फक्त केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना. बोईसर, पालघर, डहाणूच्या हॉटेलांत मेन्यूकार्ड म्हणजे लॅमिनेट केलेला एक कागद, आणि त्यावर 'अ‍ॅनालॉग' हा शब्द लिहिलेला मी अजून तरी पाहिलेला नाही.

आपल्या शांततेमुळे मोकळी झालेली जागा मोबाइलवाल्यांनी भरली. एका यूट्यूबरने मुंबईतल्या बड्या हॉटेलात जाऊन पनीरवर आयोडीनचे थेंब टाकले, ते काळे-निळे पडले आणि देशभर बोभाटा झाला. आयोडीन फक्त स्टार्च दाखवते, हे शाळेत शिकलेले कोणीही सांगेल. मक्याच्या पिठात घोळवून तळलेले अस्सल म्हशीचे पनीर या परीक्षेत नापास होईल, आणि पामतेल-पावडरीचे, स्टार्च न घातलेले अ‍ॅनालॉग पहिल्या नंबराने पास होईल. यावर आपल्या खात्याकडून सोप्या मराठीत चार ओळींचा खुलासा यायला हवा होता. आमच्या सोसायटीत अजून लोक पनीर आणले की आयोडीनची बाटली काढतात.

खरी परीक्षा काय असते हे आपल्या विश्लेषकांना ठाऊकच आहे. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल असते, पामतेलात ते नसते. वनस्पती तेलात बीटा-सिटोस्टेरॉल असते, दुधाच्या चरबीत कोलेस्टेरॉल. गॅस क्रोमॅटोग्राफवर हे दोन्ही निवांत दिसते. तारापूरच्या वसाहतीत गल्लोगल्ली हे यंत्र आहे, आणि ते चालवणारी, बी.एस्सी.-एम.एस्सी. झालेली पालघर-वसई-डहाणूची पोरे आहेत. तरी आमच्या जिल्ह्यातला पनीरचा नमुना जिल्ह्याबाहेर जातो आणि त्याचे पुढे काय झाले ते कळत नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या ४६व्या कलमाने विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिले आहेत. आमच्या कारखान्यात एक बॅच १४ दिवस अडकली असती तर प्लँट मॅनेजर लॅबच्या दारात खुर्ची टाकून बसला असता!

कोणी म्हणेल, तारापूरवाल्याने शुद्धतेच्या गप्पा मारू नयेत. बरोबर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुण मिळवून आमची वसाहत देशात पहिली आली होती, आणि ते गुण वाईटपणाचे होते. ९९.५ टक्के शुद्ध पावडर पिंपात भरायची आणि उरलेले काय ते शेजारच्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मच्छीमारांनी सोसायचे, हा हिशेब आम्ही वर्षानुवर्षे चालू दिला. त्याचे उत्तर दुसऱ्या मंडळाकडे मागायचे आहे. पण म्हणूनच मला माहीत आहे की शिस्त अंगात नसते, ती लावावी लागते.

औषधांच्या बाजूला ती कशी लागली, हे आपल्या खात्याइतके कोणाला आठवत असेल? १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होते. दिसायला तसेच, तसेच घट्ट, तसेच गोडसर, आणि मूत्रपिंडे निकामी करणारे. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि ज्यांच्यावर ताशेरे ओढले त्यांत आपले खातेही होते. तो अहवाल आला तेव्हा आमच्यासारख्या लॅबमधल्या लोकांनी त्यातून एकच गोष्ट उचलली: पिंपावर 'ग्लिसरीन' लिहिले आहे म्हणून आत ग्लिसरीन आहे असे धरायचे नाही, आलेले प्रत्येक पिंप उघडायचे आणि तपासायचे. अमेरिकेने याच रसायनाचा धडा १९३७ मध्ये शंभराहून अधिक बळी देऊन घेतला होता आणि पुढच्याच वर्षी कायदा केला. आपण तो पन्नास वर्षांनी घेतला. पनीरमुळे माणसे पटापट मरणार नाहीत, हे मला कळते. पण म्हणून अन्नाच्या बाजूला पाटीवर विश्वास ठेवायचा आणि औषधाच्या बाजूला नाही, असे दोन न्याय एकाच खात्यात किती दिवस चालणार?

आता माझी मुख्य सूचना, जिच्यासाठी हे सगळे लिहिले.

या देशाने एका मोठ्या खाद्य-नकलेला शंभर वर्षांपूर्वीपासून तोंड दिले आहे. वनस्पती तूप. शिवडीच्या कारखान्यातून १९३७ मध्ये 'डालडा' बाहेर पडला आणि अस्सल तुपात त्याची भेसळ सुरू व्हायला वेळ लागला नाही. स्वातंत्र्यानंतर वनस्पतीवर बंदी घाला म्हणून मोठी ओरड झाली. बंदी नको तर निदान त्याला रंग द्या, म्हणजे तुपात मिसळले की कळेल, असेही लोक म्हणाले. रतनजोतीसारखे रंग सुचवले गेले, पण निर्धोक आणि सहज उडवता न येणारा रंग हाती लागला नाही. त्याहून हुशारीचा मार्ग मात्र निघाला. प्रत्येक वनस्पतीत कमीत कमी ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक झाले. चवीसाठी किंवा पोषणासाठी ते नव्हतेच. चोर पकडता यावा म्हणून ते होते.

ही परीक्षा मी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला पहिल्यांदा केली. बोदूँची टेस्ट. वितळलेले तूप ५ मिलि नळीत घ्यायचे, तेवढेच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे, वरून फरफ्युरालच्या द्रावणाचे काही थेंब. बूच लावून दोन मिनिटे खसाखसा हलवायचे आणि नळी स्टँडला उभी करायची. तूप वर तरंगते, आम्ल खाली बसते. खालचा थर गुलाबी-लाल झाला की त्या तुपात तीळ आहे, म्हणजे बहुतेक डालडा आहे. ना यंत्र, ना कॉम्प्युटर. दुकानाच्या मागच्या खोलीत उभे राहून करता येते. शिवाय वनस्पतीत दर ग्रॅमला किमान २५ एकके कृत्रिम 'अ' जीवनसत्त्व घालण्याचीही अट होती, कारण तुपाऐवजी ते खाणाऱ्या गरिबाचे त्यात जे जाते ते त्याला परत मिळावे. नक्कल विकायची परवानगी, पण तिच्या अंगावर खूण आणि तिच्या पोटात भरपाई. त्या पिढीतल्या अधिकाऱ्यांना मी मनातून सलाम करतो.

हेच अ‍ॅनालॉग पनीरला लावा, अशी माझी विनंती आहे. नियम दिल्लीत एफएसएसएआय हे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरण करते हे मला ठाऊक आहे. पण महाराष्ट्राचे प्रशासन एवढे लहान नाही की त्याने पाठवलेला प्रस्ताव कोणी वाचणार नाही. अ‍ॅनालॉगमधल्या वनस्पती तेलात तिळाच्या तेलाचा ठरावीक अंश सक्तीचा करा. तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांचा प्रश्न येईल, तर तज्ज्ञांनी दुसरी निर्धोक खूण निवडावी. तत्त्व तेच राहील. आपला अन्न सुरक्षा अधिकारी हॉटेलच्या किचनमध्ये पनीरचा तुकडा घेईल, गरम पाण्यात त्याचे तेल सोडवेल आणि पंधरा मिनिटांत मालकाला विचारेल, 'मेन्यूवर काय लिहिलंय?' लुच्चे लोक तीळ घालणार नाहीत, असा आक्षेप मला आधीच ऐकू येतो. नाही घालणार. पण बिनखुणेचे अ‍ॅनालॉग बाळगणे हाच मग गुन्हा होतो, तो बनवणाऱ्याच्या दारातच पकडता येतो, आणि ब्युटिरिक आम्लाची परीक्षा मागे आहेच. तुपातही पळवाटा काढणारे निघाले होते, तरी नियमामुळे बाजाराला वचक बसला.

भरपाईचाही विचार व्हावा. अस्सल पनीरच्या कोरड्या भागात किमान निम्मा दुधाचा स्निग्धांश असावा लागतो आणि उरलेल्यात बहुतेक प्रथिने असतात. पालघर हा वावर-वांगणीचा जिल्हा आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या त्या गावांतली बालके कुपोषणाने गेली, त्याला आता तीन दशके उलटली. तिथली कोणी आई बोईसरला कामाला येऊन महिन्यातून एकदा मुलाला 'ताकद यावी' म्हणून पनीरची भाजी घेऊन देत असेल, तर तिच्या वाटीत स्टार्च किती आणि प्रथिने किती, हे कुठे तरी लिहिलेले असायला नको का? अ‍ॅनालॉगला प्रथिनांची आणि कॅल्शियमची किमान मर्यादा घालावी, आणि ती पाळली जाते की नाही हे नमुने घेऊन तपासावे.

बाकीच्या मागण्या छोट्या आहेत, खर्चाच्या तर मुळीच नाहीत. धाड टाकल्यावर जसे पत्रक काढता तसे प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरही काढा, निर्दोष निघाला तरी काढा. वसाहतीतल्या ज्या खासगी लॅबना एनएबीएलची मान्यता आहे त्यांना अन्ननमुन्यांसाठी पुढे यायला सांगा. कायद्याच्या ४३व्या कलमात त्याची सोय आहे. हॉटेलमालकांच्या संघटनांना बोलावून एकदाच सांगा, की अ‍ॅनालॉग वापरा, पण पदार्थाच्या नावापुढे तसे छापा, आणि तोंडी विचारले तर खरे उत्तर द्या. आणि नियम मोडणाऱ्याला दंड झाला तर तो किती झाला हे त्या हॉटेलच्या दारावर लावा.

आणखी एक. कायद्याचे ४०वे कलम सामान्य ग्राहकाला अधिकार देते, की फी भरून त्याने विकत घेतलेल्या पदार्थाची तपासणी करून घ्यावी. हे कलम वाचलेला माणूस मला बोईसरमध्ये भेटलेला नाही, हॉटेलमालकांत तर नाहीच. आपल्या प्रत्येक जिल्हा कार्यालयाबाहेर आणि बोईसर, पालघर, डहाणूच्या ग्रामपंचायत-नगरपरिषदांमध्ये एक फलक लावा: नमुना कसा बांधायचा, कुठे द्यायचा, फी किती, अहवाल कधी. फलक लागला की पहिला नमुना माझा असेल, त्याच स्टेशनजवळच्या हॉटेलातला, आणि मालकाला तसे आधी सांगून.

आपला,
एक निवृत्त क्यू.सी. केमिस्ट,
बोईसर, जि. पालघर